पाटलांचा उंबरा

साठीच्या येसाजी पाटलांना वाटलं, तरण्यांना लेझीम आपणच शिकवावी. दुसऱ्याच उडीत घोटा मुरगळला आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरीणबाई घरी आल्या, पाय बघून म्हणाल्या, "तालुक्याला जाऊन फोटो काढा."

पाटील गुरगुरले, "असल्या मुरगळी हळद लावून जिरवल्यात आम्ही. निघा तुम्ही."

"निघते. पण पाहुण्याला स्वतः उंबऱ्यापर्यंत सोडायची तुमची रीत आहे ना? चारच पावलं आहेत. तेवढी टाकलीत, तर तुमची हळद खरी."

रीत मोडेल तो पाटील कसला. ते ऐटीत उठले, एक पाऊल टाकलं आणि मटकन खाली बसले. मग स्वतःशीच कसनुसं हसले.

"बाई, उंबरा माझ्याच बापानं बसवलाय, पण आज फार लांब गेलाय. गाडी काढायला सांगा, त्यापेक्षा तालुकाच जवळ पडेल."