सोमाजीच्या लाडवात काय होतं

पुष्कळ वर्षं लोटली या गोष्टीला. नदीच्या वळणावर एक राजधानी होती आणि तिच्या पेठेत सोमाजी नावाचा हलवाई राहत होता. त्याच्या दुकानातला बेसनाचा लाडू खाल्ला नाही, असा माणूस त्या नगरात शोधून सापडला नसता.

तसे लाडू वळणारे पेठेत खूप होते. पण सोमाजीच्या लाडवाला एक वेगळाच खमंगपणा होता. कुणी विचारलं, की तो हसून म्हणायचा, "बेसन, तूप, साखर आणि थोरल्यांचा आशीर्वाद. दुसरं काही नाही."

दुसरं काही होतं. सोमाजीचा बाप मंद आचेवर तीळ भाजायचा, त्यांचं अगदी मऊ कूट करायचा आणि बेसनात मिसळायचा. मरताना त्यानं लेकाचा हात धरून सांगितलं होतं, "हे कुणाला सांगू नकोस. हेच आपलं वतन." सोमाजीनं ते प्राणापलीकडे जपलं होतं.

त्याच नगरात वेणू नावाची एका विणकराची सून होती. तिला लहानपणापासून तीळ सोसत नसत. एक दाणा पोटात गेला, तरी अंगावर गांधी उठायच्या आणि घसा आवळून यायचा. तिच्या डोहाळजेवणासाठी लाडू घ्यायला तिची सासू सोमाजीकडे आली. म्हातारीनं मुद्दाम विचारलं, "यात तीळ नाहीत ना रे बाबा? माझ्या सुनेला चालत नाहीत."

दुकानात गर्दी होती. दोन पावलांवर शेजारचा हलवाई कान टवकारून उभा होता. सोमाजी क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "नाहीत, आजी. खुशाल न्या."

चिमूटभर कुटानं काय होतंय, असं त्यानं स्वतःच्या मनाला समजावलं.

त्या दुपारी हिरव्या साडीत, फुलांनी नटलेली वेणू पाटावर बसली आणि तिनं अर्धा लाडू खाल्ला. बघता बघता तिचे ओठ सुजले. श्वास घरघरू लागला. बायका ओव्या म्हणायच्या थांबल्या. राजवैद्य धावत आले, म्हणून ती आणि तिच्या पोटातलं बाळ दोघं वाचली. पण तोवर तिचं अंग गार पडलं होतं आणि सासूनं देवापुढे पदर पसरला होता.

संध्याकाळपर्यंत साऱ्या नगरात एकच बोलणं झालं: सोमाजीनं लाडवात विष कालवलं. लोक लाठ्याकाठ्या घेऊन दुकानावर चालून आले. शिपायांनी सोमाजीला कसंबसं सोडवून दरबारात नेलं.

राजा संतापला होता. "याचं दुकान पाडा आणि याला हद्दीबाहेर घालवा," तो म्हणाला.

सोमाजी खाली मान घालून उभा होता. खरं सांगावं तर बापाची विद्या गेली, न सांगावं तर अब्रू गेली.

तेव्हा गिरिजाबाई पुढे झाल्या. राज्यात कुठलं अन्न विकावं आणि ते कसं असावं, हे ठरवायचं काम राजानं त्यांच्यावर सोपवलं होतं. लोक त्यांना अन्नपाल म्हणत. "महाराज," त्या म्हणाल्या, "शिक्षा आजही देता येईल आणि उद्याही देता येईल. पण झालं काय, ते आधी समजू द्या."

त्यांनी जप्त केलेल्या परातीतला एक लाडू उचलला आणि सगळ्यांच्या देखत शांतपणे खाल्ला. बराच वेळ गेला, तरी बाईंना काही झालं नाही. "हे विष नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या मुलीच्या जिवावर बेतलं, हेही खोटं नाही. या दोन्हींच्या मधे काय आहे, ते मला शोधू द्या."

त्या आधी वेणूकडे गेल्या. तिच्या उशाशी बसून त्यांनी तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते विचारलं. तिथून त्या तडक कोठडीत आल्या आणि सोमाजीसमोर जमिनीवरच बसल्या.

"तीळ घालतोस ना?" त्यांनी विचारलं.

सोमाजीच्या डोळ्यांतून धारा वाहू लागल्या. "घालतो बाई. म्हातारीनं विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

"का?"

"विद्या गेली असती. सगळ्यांनी घातले असते, मग मला कोण विचारणार?"

तो खोटं का बोलला, हे कळल्यावर बाई शिव्या देतील असं त्याला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "तुला हाकललं, तर उद्या दुसरा कुणी याच भीतीनं असंच खोटं बोलेल. मग खरंच कुणाची तरी सून मरेल. मला तुझा नाही, त्या भीतीचा बंदोबस्त करायचाय."

आणि त्यांनी सगळ्यांना बोलावलं. हलवाई आले, तेली आले, वैद्य आले, आणि ज्यांना विकत घेऊन खावं लागतं अशी साधी माणसंही आली. बाई बोलल्या कमी आणि ऐकलं जास्त.

एक तरुण वैद्य म्हणाला, "तिळावर बंदीच घाला." बाईंनी नकारार्थी मान हलवली. "एकीला सोसत नाहीत म्हणून हजारांच्या ताटातून तीळ काढायचे? संक्रांतीला लोकांनी काय वाटायचं? अन्न वाईट नव्हतं. ते लपवलं, हे वाईट."

हलवाई खवळले. "आमची कृती चव्हाट्यावर मांडायची का? मग आम्ही जगायचं कसं?"

त्यावर बाईंनी जे सांगितलं, ते सोमाजी जन्मभर विसरला नाही. "काय घातलं, ते सांगा," त्या म्हणाल्या. "किती घातलं आणि कसं घातलं, ते तुमचं. ते मी विचारणार नाही आणि कुणाला विचारू देणार नाही."

तरी कुजबुज थांबेना. तेव्हा शिपायांच्या मधे बसलेला सोमाजी उठून उभा राहिला. "माझ्या लाडवात तीळ असतात," तो म्हणाला. "म्हातारीनं तोंडावर विचारलं, तरी मी नाही म्हणालो. चिमूटभर कुटासाठी मी दोन जीव घालवणार होतो. बाई म्हणतात तो नियम तेव्हा असता, तर माझ्या तोंडून ते खोटं निघालंच नसतं."

शेजारच्या हलवायानंसुद्धा मान डोलावली.

नियम ठरला. प्रत्येक टोपलीवर, प्रत्येक बरणीवर आत काय आहे त्याची पाटी हवी. नगरातल्या अर्ध्याअधिक लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून बाईंनी चित्रं काढवून घेतली: तिळाचं बोंड, भुईमुगाची शेंग, दुधाचा गडवा, गव्हाची ओंबी. राजवाड्याचा मुदपाकखाना यातून वगळावा, असं कुणीतरी सुचवलं. बाई म्हणाल्या, "पहिली पाटी तिथेच लागेल." राजानं थोडा वेळ विचार केला आणि होकार दिला. बाईंची माणसं साध्या वेषात, गिऱ्हाइकासारखी हिंडत. पाटी खोटी निघाली, की दंड. तो राजाच्या आचाऱ्यालाही तेवढाच आणि कोपऱ्यावरच्या भजीवाल्यालाही तेवढाच.

खोटं बोलल्याबद्दल सोमाजीलाही शिक्षा झाली. वेणू हिंडूफिरू लागेपर्यंत त्याचं दुकान बंद राहिलं. ते उघडलं, तेव्हा लाडवाच्या परातीपुढे तिळाच्या बोंडाचं मोठं चित्र होतं. पेठेतल्या इतर हलवायांनीही आता तीळ घालून पाहिले. कुणाचे करपले, कुणाचे कडवट झाले. आच किती आणि कूट केव्हा मिसळायचं, हे बापानं एकट्या सोमाजीलाच शिकवलं होतं. तरीही सुरुवातीला त्याच्याकडे कुणी फिरकेना. परात भरलेलीच राही.

मग एका सकाळी वेणूच दुकानात आली. कुशीत तान्हं बाळ, बरोबर सासू. रस्त्यावरची दोन-चार माणसं थबकून पाहू लागली. तिनं सगळ्या पाट्यांवरून नजर फिरवली. बर्फीच्या पाटीवर फक्त दुधाचा गडवा होता. "ही बर्फी द्या, दादा," ती म्हणाली. "बाळाचं बारसं आहे."

सासूनं तिच्याकडे काळजीनं पाहिलं. वेणूनं तिथेच एक वडी उचलून तोंडात टाकली आणि चवीनं खाल्ली.

सोमाजीला बर्फी बांधून द्यायला थोडा वेळ लागला, कारण त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. त्या दिवशी दुपारच्या आत त्याची परात रिकामी झाली, आणि पुढेही होत राहिली.

बोध: कृती कारागिराची असते, पण पोटात काय जातंय हे कळण्याचा हक्क खाणाऱ्याचा असतो, आणि तो हक्क जपणारा नियम दोघांनाही तारतो.