काळगोट्याचे वाकडे कौल

काळगोट्यात कोणाच्याही दारासमोर उभे राहा आणि वर पाहा. चौकटीच्या बरोबर वर, लाल कौलांच्या ओळीत एक काळे, वाकडे कौल दिसेल. पाहुण्याला वाटते, कामात हयगय झाली. हयगय कसली! ते मिळवायला इथली माणसे भट्टीवर भांडतात. गावाबाहेरच्या कोळशाच्या खाणीचे आता तळे झाले आहे. सरकारी दप्तर म्हणते, इथला कोळसा एका साहेबाने शोधला. म्हणेना का! कोळसा सापडला तो भागरता कुंभारणीला, तोही नवऱ्याच्या चुकीने.

असे सांगतात की एका वैशाखात गवती छपरांचे सगळे गाव जळाले, शेजारचे जंगलही गेले. लोक गाड्या भरू लागले. भागरताने जन्मभर इथल्या मातीवर चाक फिरवले होते, ती माती काही गाडीत मावणार नव्हती. ती आडवी उभी राहिली.

"माही एक भट्टी पाहून जा. न जळनारं छप्पर भेटन तुमाले. समद्यांची घरं झाकल्याबिगर मी माहं झाकनार नाही."

पाटील म्हणाले, "एकच भट्टी. फसली तर निघालो."

जळक्या घरांचे उरलेसुरले वासे हेच सरपण. विटाही पुरेनात. माती खणताना काळे, हलके गोटे निघाले होते, भागरताचा नवरा झिबल याने त्यांचीच भट्टीला भिंत घातली आणि विटा वाचवल्या म्हणून मिशीला पीळ दिला.

भट्टी पेटली. पण कौले कच्ची असतानाच सरपण संपले. पाटलांनी हात हलवला, बैलांनी पाऊल उचलले, आणि तेवढ्यात भिंत तडतडली. काळे गोटे लालबुंद झाले!

"गोटा पेटला वं माय!" झिबल घागर घेऊन धावला. भागरताने त्याचे मनगट धरले.

"पानी टाकू नोका! जळू द्या! आना अजून गोटे!"

मग काय विचारता! गाड्या तशाच टाकून अख्खे गाव मातीच्या खड्ड्याकडे पळाले. टोपल्यांवर टोपल्या आल्या, म्हाताऱ्यांनीसुद्धा पदरा-धोतरात गोटे वाहिले. भट्टी उघडली तेव्हा कौले खणखणीत वाजली, म्हणे, आणि लोक आनंदाने रडले.

भिंतीलगतची कौले मात्र पोळून काळी-वाकडी झाली होती. सगळ्यांची घरे शाकारून झाल्यावर भागरताला तीच उरली. पावसात तिचे घर जागोजागी गळू लागले. कोणी चांगले कौल देऊ केले तर ती घेईना. शेवटी पाटील न विचारताच तिच्या घरावर चढले. आपले लाल कौल तिथे ठेवले, तिचे एक काळे काढून आणले आणि स्वतःच्या दारावर बसवले. त्यांच्यामागे सगळे गाव शिडी घेऊन आले. भागरता खाली उभी राहून भांडत होती आणि डोळे पुसत होती.

आजही नव्या घरावर पहिले कौल काळेच चढते. पावसाळ्यात ते ठिबकते. नवी सून ते बदलायचे म्हणाली, तर सासू खाली पितळी गंज ठेवते आणि सांगते, "भागरताच्या घरचा थेंब हाय तो, बाई. आपल्या वाट्याचा आपुन झेलाचा."