आप्पांच्या रेकॉर्डवरचं गंध

"मग गंध परत लावू का तिच्यावर, अक्का?"

यशवंत कणसे दारातूनच विचारत होता. हातात रेकॉर्ड. मऊ पंच्यात गुंडाळलेली, तान्हं मूल धरावं तशी धरलेली.

अक्का जमिनीवर बसून वाती वळत होत्या. मान वर केली नाही.

"कुणावर?"

"आप्पांच्या रेकॉर्डवर."

आप्पा म्हणजे या मठाचे बुवा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून मठ अक्काच बघतात. आप्पांचं मागं राहिलं ते एवढंच. त्यांच्या भजनाची ही काळी तबकडी. दर पुण्यतिथीला ती आधी पूजेत ठेवायची, तिला गंध-फूल वाहायचं आणि मग वाजवायची. तबकडीला गंध लावू नये असं कुणाच्या मनात आलं नाही. देवाला लावतात, मग हिला का नको.

भजनात एक ओळ आहे. 'उतर रे खाली, मातीत बस.' तिथं सुई अडकायची. तीच ओळ, परत तीच ओळ. तिसऱ्यांदा झाली की अक्का ग्रामोफोनच्या पेटीला टिचकी मारायच्या आणि भजन पुढं जायचं.

म्हणून सगळा मठ ती ओळ तीनदा म्हणायचा. रेकॉर्ड नसली तरी तीनदा.

आणि कणसे त्यावर प्रवचन करायचा. पहिल्यांदा देहासाठी, दुसऱ्यांदा मनासाठी, तिसऱ्यांदा 'मी'पणासाठी. बायका पदरानं डोळे पुसायच्या. माणूस हुशार होता. आणि आपण हुशार आहोत हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

यंदा पुण्यतिथीला त्याला आप्पांच्या पाटावर बसवायचं, मठाचा बुवा करायचं ठरलं. उद्याच. मग सगळं चोख पाहिजे, म्हणून रेकॉर्ड धुवायला त्यानं स्वतः घरी नेली. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

"कशानं धुतलीस?" अक्कांनी विचारलं.

"कोमट पाणी आणि रिठ्याचा फेस. मधल्या कागदाला थेंब लागू दिला नाही. मलमलीनं रेघेरेघेनं गोल पुसली, आडवा हात एकदाही मारला नाही. सावलीत वाळवली."

"चांगलं केलंस."

"काय चांगलं, अक्का... त्या जागी गंध वाळून बसलं होतं. पार खडा झाला होता. ते निघालं."

"आणि?"

"माझ्या घरच्या पेटीवर लावून बघितली. ओळ एकदाच आली."

अक्कांनी वळलेली वात ताटात ठेवली. दुसरा कापूस घेतला.

"घरात कोण होतं तेव्हा?"

"कुणी नाही."

"म्हणजे हे फक्त तुला ठाऊक."

"आता तुम्हालाही."

"माझी भीती नको धरूस. मी प्रवचन करत नाही."

कणसे उंबरा ओलांडून आत आला.

"उद्या गावोगावचे लोक येणार. तीनदा म्हणायला तोंड उघडणार, आणि आप्पा आपले पुढच्या कडव्यात. मग माझ्याकडं बघतील. इतकी वर्षं हा काय सांगत होता? गंधाच्या खड्याचा अर्थ सांगत होता?"

"सांगत होतास."

"थोडंसं लावलं तर कुणाचं काय बिघडणार आहे? लोकांची श्रद्धा राहील."

"लोकांची?"

"आणि माझा पाट राहील. तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू."

"हे बरं बोललास."

अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. सहाण ओढली, चंदनाचं खोड घासलं, गंध वाटीत काढलं. वाटी त्याच्यापुढं धरली.

"घे. लाव."

त्याला वाटलं होतं, अक्का रागावतील. रागावल्या असत्या तर त्यालाही रागावता आलं असतं. तेही राहिलं.

अक्का परत खाली बसल्या, वाती वळू लागल्या. त्यानं बोट वाटीत बुडवलं. पंचा सोडला. रेकॉर्ड उजेडाकडं तिरकी करून पाहिली. मग उलट्या बाजूनं तिरकी करून पाहिली.

"कुठं लावू?"

"होतं तिथं."

"दिसत नाही. सगळ्या रेघा सारख्या झाल्यात."

"हात फार चोख तुझा."

"टोमणे नका मारू, अक्का."

"मग वाजव. ओळ आली की सुई थांबव आणि तिथंच लाव."

पेटी कोनाड्यात होती. त्यानं उभ्यानंच रेकॉर्ड चढवली, सुई टेकवली, गंधाचं बोट वर धरलं.

आप्पा गाऊ लागले. इतका स्वच्छ आवाज या मठात कधी उमटला नव्हता. ओळ घेण्याआधी म्हातारा श्वास घेत होता, तोसुद्धा कळत होता.

'उतर रे खाली, मातीत बस.'

बोट पुढं जाईपर्यंत आप्पा पुढं गेले.

"हुकलं."

"परत लाव."

त्यानं सुई मागं घेतली. ओळ आली. बोट हवेतच राहिलं. ओळ गेली.

"आता काय झालं?"

"काही नाही... ऐकत राहिलो."

"परत लाव."

तिसऱ्यांदा त्यानं हात पुढं केलाच नाही. कपाळ कोनाड्याच्या कडेला टेकून उभा राहिला. भजन शेवटापर्यंत वाजलं. मग सुई नुसतीच घासत राहिली. ती त्यानं उचलली नाही, अक्कांनीही उचल म्हटलं नाही. बोटावरचं गंध वाळून तडकलं होतं.

अंगणात मांडवाचे बांबू ठोकत होते. तिथून कुणीतरी हाक मारली.

"बुवा, तुमचा पाट चौरंगावर ठेवू का? लांबच्यांना दिसत नाही म्हणतात."

हाक मारणाऱ्यानं थोडी वाट पाहिली. मग परत बांबूवर घाव पडू लागले.

"अक्का... उद्या मी लोकांना काय सांगू?"

अक्कांनी कापसाची टोपली बाजूला सरकवली.

"लोकांचं उद्या बघू. तू अजून उभा का?"