पहिल्या पानावरचं गुपित

"शर्यतीची बातमी पहिल्या पानावर आली पाहिजे. पहिलं पान मी वाचणार. आणि शर्यत कोण जिंकलं, हे मला सोमवारी संध्याकाळपर्यंत कळता कामा नये!"

दैनिक 'खणखणाट'चे मालक रावसाहेब माणगावे यांनी हे तीन हुकूम एका दमात सोडले.

"रावसाहेब, यातले कुठलेही दोन जमतील," मी म्हणालो. "तिन्ही एकदम कसे जमणार?"

"मग राजीनामा लिहा, भडकमकर. आत्ताच! सोमवारी संध्याकाळपर्यंत माझ्या खिशात राहील."

तीस वर्षांच्या पत्रकारितेत मी दोन मंत्र्यांशी आणि एका कलेक्टरशी भांडलोय. गेल्या महिन्यात एका माजी सभापतींना मी श्रद्धांजली वाहिली. सभापती ठणठणीत होते. अंक हातात घेऊन स्वतः ऑफिसात आले. "बातमी खात्रीच्या सूत्रांकडून आलीय," असं मी त्यांना तोंडावर सुनावलं! असा मी. पण निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. राजीनामा निमूट लिहून दिला.

भानगड अशी होती. रावसाहेबांना परदेशातल्या मोटारींच्या शर्यतींचा भारी नाद. पूर्वी शर्यत केबलवर दिसायची. मग चॅनेल बदललं, मग तेही बंद झालं आणि शर्यत ॲपवर गेली. फोन अजून बटणांचा वापरणाऱ्या रावसाहेबांनी ॲपचा वर्षाचा पास काढला आणि भिंतीएवढा टीव्ही घेतला. आणि मोसमातली शेवटची शर्यत आली नेमकी भाचीच्या लग्नाच्या मुहूर्तावर, रविवारी संध्याकाळी! मुलीचा मामा मांडवातून हलणार नाही, असं वहिनीसाहेबांनी बजावलं. ॲपवर शर्यत दुसऱ्या दिवशी पुन्हा बघता येते. पण निकाल ठाऊक असलेली शर्यत म्हणजे रावसाहेबांच्या भाषेत उष्टं ताट.

गावात शर्यत बघणारे आणखी दहा जण होते. दहाही असे, की तोंडात तीळ भिजत नाही. मी प्रत्येकाला गाठून तंबी दिली. परिणाम एवढाच झाला, की रावसाहेबांना निकाल सांगायचा नाही ही बातमी गावभर झाली.

"सर, एवढं कशाला चिडताय?" छोट्या जाहिरातींच्या खिडकीतून रेहाना मुजावर म्हणाली. "छापा की बातमी."

"आणि रावसाहेब वाचतील त्याचं काय?"

"वाचू देत. अगदी खरी छापा. फक्त बातमीवर तुमचं नाव टाका. ठळक!"

मला भरून आलं. माझ्या नावाचं वजन ओळखणारं माणूस तीस वर्षांनी भेटलं, तेही छोट्या जाहिरातींच्या खिडकीत!

"आणि त्या दहा जणांची तोंडं?"

"ती बंद राहायची नाहीत. उघडीच राहू देत. पण 'हीच जिंकली' म्हणून सांगायला प्रत्येकाला वेगळी गाडी वाटून द्या."

शर्यतीत दहा संघ, दहा रंगांच्या गाड्या. चालकांची नावं रावसाहेबांच्या जिभेवर चढत नसत, म्हणून गावात रंगांनीच बोलणं चाले. रविवारी शर्यत संपली आणि मी कपाळाला हात लावला. सगळ्यात मागून सुटलेली पिवळी गाडी जिंकली होती! पुढच्या दोघी शेवटच्या फेरीत एकमेकींवर आदळल्या होत्या. मी मथळा दिला, 'शेवटून पहिली! पिवळ्या गाडीची बाजी'. खाली माझं नाव. ठळक. रेहानानं उरलेले नऊ रंग नऊ जणांना वाटले आणि दहाव्याला पाऊस दिला.

सोमवारी सकाळी रावसाहेबांनी चहाबरोबर अंक वाचला. इतर पेपरांना ते शिवत नाहीत. तेवढ्यात फोन सुरू झाले.

"रावसाहेब, लाल जिंकली!" डॉक्टर म्हणाले.

"निळी हो! अर्ध्या फेरीनं!" पेट्रोल पंपवाले म्हणाले.

"कसली निळी? पावसानं रद्द झाली," दाढी करता करता न्हाव्यानं सांगितलं.

संध्याकाळी पाचला आम्ही दिवाणखान्यात जमलो. ॲप उघडलं की जिंकणाऱ्याचा फोटो आधी झळकतो, हे मला ठाऊक नव्हतं. रेहानाला होतं.

"रावसाहेब, भिंतीकडे तोंड करा."

"मी? माझ्याच घरात?"

"मग बघा निकाल!"

रावसाहेब खोडकर पोरासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शर्यत सुरू झाल्यावरच त्यांना वळू दिलं. दीड तास ते खुर्चीच्या कडेवर होते. शेवटच्या फेरीत दोन गाड्या आदळल्या, पिवळी मधून निसटली आणि रावसाहेब ताडकन उठून ओरडले, "पिवळी! अरे, पिवळी!"

मग एकदम भानावर आले. खिशातून माझा राजीनामा काढला.

"भडकमकर, हे सकाळी पहिल्या पानावर होतं. मी वाचलं होतं!"

मी दाराकडे सरकलो. रेहाना मात्र शांत होती.

"वाचलं होतंत ना, रावसाहेब? मग आत्ता उडालात कशाला?"

"कशाला म्हणजे? ते खरं असेल असं कुणाला वाटलं होतं! भडकमकरांचं छापलेलं खरं मानलं असतं, तर सभापतींच्या तेराव्याला जेवून आलो असतो मी!"

"मग झालं तर! बातमी पहिल्या पानावर आली. तुम्ही ती वाचलीत. आणि निकाल तुम्हाला आत्ता, या खुर्चीतून उठताना कळला. उगाच का मी सरांना म्हटलं, नाव ठळक टाका?"

रावसाहेब असे हसले, असे हसले, की वहिनीसाहेब स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"रेहाना, पुढच्या मोसमाचा पास तुझा. त्याला लागेल तो टीव्हीही तुझा. आणि उद्यापासून खेळाचं पानही तुझं!"

मग डोळे पुसत त्यांनी राजीनामा माझ्या हातात ठेवला.

"हा घ्या. तसाही चालला नसता, भडकमकर. तारीख चुकलीय."

मी वाद घालणार होतो. पण समोरच कॅलेंडर होतं.