हरवलेली वाट

फार पूर्वी, इंग्रजीतल्या ‘लोड’ या शब्दाचा अर्थ ओझं नव्हे तर ‘वाट’ असा होता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक हमाल राहत होता. गावात मीठ पिकत नसे, ते डोंगरापलीकडून आणावं लागे. त्यासाठी घरटी एक माणूस निघे. निघताना लोक विचारत, “आजचा लोड कुठला? ओढ्याकडून की खिंडीतून?” वाट ठरली की सगळे गप्पा मारत चालू लागत. कोणाच्या पाठीवर किती, हे कोणी विचारतच नसे.

हमाल अंगाने दांडगा. त्याला इतरांची चाल फार संथ वाटे. एकदा कुंभार दमला, तेव्हा हमालाने त्याची गोणी आपल्या पाठीवर घेतली. गावाने वाहवा केली. मग त्याने सुताराची घेतली, तेल्याचीही घेतली. गोणीच नाही, तर जायचं कशाला? एकेक जण घरी बसला. लोक कौतुकाने म्हणू लागले, “याचा लोड सगळ्यांत मोठा!” वाटेचा शब्द असा ओझ्याला चिकटला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी उरली म्हातारी विणकरीण. ती म्हणाली, “माझी गोणी घे हवी तर, पण मला येऊ दे.”

“मावशी, तुम्ही रमतगमत चालणार. मला उशीर होतो.”

“मग बोलशील कोणाशी? गोण्यांशी?”

सगळे हसले. हमालही हसला आणि एकटाच निघून गेला.

काही दिवसांनी तो खरंच गोण्यांशी बोलू लागला. त्या उत्तर देत नसत.

एकट्याच्या पावलांनी वाट टिकत नाही. काही पावसाळ्यांत दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं आत सरकली. एका दुपारी डोंगरावर दाट धुकं उतरलं आणि हमालाला पायाखालची वाटच दिसेना. त्याने हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. कोणी आलं नाही. अखेर गोण्या तिथेच टाकून तो घळीतून घसरत, खरचटत कसाबसा गावात पोहोचला.

“मीठ कुठंय?” तेल्याने विचारलं.

“मी हाका मारत होतो,” हमाल म्हणाला. “कोणाला ऐकू नाही आल्या?”

कुंभाराने मान खाली घातली. “आल्या रे. पण यायचं कुठून? घरी बसून आम्ही वाट विसरलो, ती फक्त तुला ठाऊक होती.”

“मलाही नव्हती उरली.”

दुसऱ्या दिवशी तो विणकरणीच्या दारात उभा राहिला. “मावशी, चला.”

“गोणी कुठंय माझी?”

“राहू द्या ती. तुम्ही नुसत्या बरोबर चला.”

तिने कोयता घेतला. दोघांनी दिवसभर झुडपं तोडली, तेव्हा कुठे पहिलं वळण मोकळं झालं. मीठ काही आलं नाही. गाव कुरकुरत अळणी जेवलं. पण पुढच्या सकाळी ती दोघं निघाली, तेव्हा कुंभार आपला कोयता घेऊन वेशीवर थांबलेला होता. तो त्यांच्याबरोबर चालू लागला.

तात्पर्य: जो सगळ्यांचं ओझं एकटा उचलतो, तो एकटाच हरवतो. म्हणून राबणाऱ्याला नुसती शाबासकी देऊन घरी बसू नका, उठा आणि त्याच्याबरोबर चाला.