मेंढरांच्या कानांचा पाढा

डोंगरापलीकडच्या एका गावात एक पंतोजी होते. मनाने भला माणूस, पण आवाज असा की दोन आळ्या पलीकडची गाय दावं तोडायची! पोरांना काही समजलं नाही की पंतोजी तेच पुन्हा सांगत, फक्त जास्त जोरात. एवढी एकच युक्ती त्यांना ठाऊक होती.

त्यांच्या शाळेत तुळसा नावाची मुलगी आली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पंतोजींनी 'बे एके बे' म्हणून म्हणून स्वतःचा घसा बसवून घेतला, पण तुळसा आपली टुकुटुकु बघतच राहिली.

तिचा मेंढपाळ बाप म्हणाला, "गुरुजी, दसऱ्यापर्यंत बघतो. काहीच आलं नाही, तर पोर माझ्यासंगं रानात येईल."

पंतोजींना हे मुळीच पटेना. सगळ्यांच्या आधी शाळेत येणारी हीच तर पोर होती!

त्याच सुमारास राजानं दवंडी पिटवली, सगळ्या पंतोजींनी आठ दिवस एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडे शिकायला जावं. "या वयात आम्ही शिकायचं?" असं कुरकुरत आपले पंतोजीही गेले.

बाईंनी सगळ्यांपुढे पळसाची पानं आणि टोचायच्या काड्या ठेवल्या. "पत्रावळ लावेल तो जेवेल," एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं. मग पानाला हात न लावता नुसते हवेत हातवारे करून दाखवले. बाकीच्यांचं कसंबसं जमलं, आपल्या पंतोजींना मात्र ओ की ठो कळेना. बाईंनी तेच हातवारे पुन्हा केले, जरा मोठे. मग आणखी मोठे, थेट नाकासमोर! आतून आमटीचा वास सुटला होता. पंतोजी अगदी रडकुंडीला आले.

"अहो बाई, तेच तेच किती वेळा दाखवाल? जरा दुसऱ्या रीतीनं सांगा की!"

बोलले मात्र, आणि तुळसासमोर आपण रोज काय करत होतो, ते त्यांना लख्ख कळलं आणि फार वाईट वाटलं. बाई हसल्या. शेजारी बसून, त्यांचा हात धरून त्यांनी पहिली काडी पानात टोचायला लावली. पत्रावळ झाली, पंतोजी जेवले, आणि उरलेले सात दिवस पुढच्या रांगेत बसून शिकले.

गावी परतले ते तुळसाला घेऊन थेट तिच्या बापाच्या मेंढरांकडे. एका मेंढराचे कान धरले, दोन बोटं दाखवली, पाटीवर दोनचा आकडा काढला. दुसरं मेंढरू, चार बोटं, चारचा आकडा. तुळसाचे डोळे चमकले. पुढची मेंढरं तिनंच ओढून आणली.

दसऱ्याला पाटीपूजनासाठी बाप मेंढरांसकट शाळेत आला. पंतोजींनी चकार शब्द न काढता सात मेंढरं उभी केली. तुळसानं पाटीवर लिहिलं, १४. बाप कान मोजायला लागला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर चौदा भरले. "मेंढरं मी एकटा राखीन, गुरुजी. पोर तुमच्याकडंच राहू द्या," म्हणत त्यानं डोळे पुसले.

तेवढ्यात मागच्या रांगेतला पाटलाचा मुलगा उठला. "गुरुजी, मलापण मेंढरांनीच शिकवा ना. मला ऐकू येतं सगळं, पण कळलं कधीच नाही."

"अरे गुलामा, मग वर्षभर मान कशाला डोलवत होतास?"

"नाही डोलवली तर तुम्ही आणखी जोरात सांगता!"

तात्पर्य काय, तर मुलाला समजत नसेल तेव्हा शिक्षकानं आवाज नव्हे, रीत बदलावी. एकासाठी बदललेली रीत आणखी कितीजणांच्या कामी येते.