शेंडू राहिला भिंतीत

एक होता माळ. माळाच्या कडेला एक घर. मातीचं घर, गवताचं छप्पर. घर अजून पुरतं झालं नव्हतं. हौसा आणि म्हादबा, दोघं नवरा-बायको, ते स्वतःच्या हातांनी बांधत होते. ना गवंडी, ना सुतार. म्हादबानं भिंती उभ्या केल्या. हौसानं भिंती लिंपल्या. थप थप, थप थप!

दोघांचं एक ठरलेलं होतं. बांधायचं दोघांनी. मोडायचंही दोघांनी. एकदा म्हादबानं एकट्यानंच एक खिडकी मोडली होती. हौसा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही! तेव्हापासून एकट्यानं काही मोडायचं नाही, म्हणजे नाही.

त्याच घरात राहायची एक चिचुंद्री. इवलीशी. लांब नाकाची. मिचमिच्या डोळ्यांची. आणि भित्री तर इतकी! घाबरली की तिच्या अंगाला असा वास सुटायचा, असा वास सुटायचा... फुस्स! शी शी शी!

तिची तीन पिल्लं. ठमी, गोटू आणि शेंडू. चालताना आई पुढे. आईची शेपटी ठमीच्या तोंडात. ठमीची शेपटी गोटूच्या तोंडात. गोटूची शेपटी शेंडूच्या तोंडात. अशी निघायची वरात. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक!

एकदा काय झालं, आईनं मागे पाहिलं. ठमी आहे. गोटू आहे. गोटूच्या मागे...

कुणीच नाही!

"शेंडू! ए शेंडू! कुठे आहेस रे?"

भिंतीतून आवाज आला. "चूं चूं चूं!"

शेंडूनं शेपटी सोडली होती. भिंतीला होतं एक भोक. शेंडू गेला भोकात बघायला. आणि हौसानं ते भोक बुजवून टाकलं. आत डोकावलीसुद्धा नाही! थप थप, थप थप!

आत काळाकुट्ट अंधार. आत शेंडू एकटा. बाहेर कडक ऊन. ओली माती वाळायला लागली. वाळली की दगडासारखी घट्ट होणार. मग शेंडू कसा येणार? मला तर बाई इथे दर वेळी भीती वाटते.

चिचुंद्री भिंतीला म्हणाली,
"भिंतीबाई, भिंतीबाई, उघड ना गं!
माझा शेंडू येईना!"

भिंत म्हणाली, "मी नाही उघडत. हौसा उकरेल, तर मी उघडेन."

चिचुंद्रीनं भिंतीला कान लावला. "चूं चूं चूं!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! चिचुंद्री गेली हौसाकडे. मागे ठमी, मागे गोटू. त्याच्या मागे कुणीच नाही.

"हौसाताई, हौसाताई, उकर ना गं!
भिंत उघडेना,
माझा शेंडू येईना!"

हौसाचा हात थांबला. "अगं बाई! पिल्लू आत राहिलं? पण मी एकटी कशी उकरू? आमचं ठरलंय ना! आमचे धनी छपरावरनं उतरतील, तर मी उकरेन."

चिचुंद्रीनं भिंतीला कान लावला. "चूं चूं!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! चिचुंद्री गेली शिडीखाली. मागे ठमी, मागे गोटू. त्याच्या मागे कुणीच नाही.

"म्हादबादादा, म्हादबादादा, उतर ना रे!
हौसा उकरेना,
भिंत उघडेना,
माझा शेंडू येईना!"

म्हादबा वरूनच ओरडला, "कसा उतरू गं माझे आई? दोन्ही हातांनी गवत धरलंय. सोडलं तर अख्खं छप्पर घसरंल! एकच पेंढी कमी पडतीय. गाढव पेंढी घेऊन येईल, तर मी उतरेन."

चिचुंद्रीनं भिंतीला कान लावला. "चूं..."

काळी भिंत पांढुरकी व्हायला लागली होती. माती वाळत होती!

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! चिचुंद्री गेली झाडाखाली, गाढवाकडे. मागे ठमी, मागे गोटू. त्याच्या मागे कुणीच नाही.

"गाढवदादा, गाढवदादा, हल ना रे!
म्हादबा उतरेना,
हौसा उकरेना,
भिंत उघडेना,
माझा शेंडू येईना!"

गाढव म्हणालं, "पेंढी तर पाठीवरच आहे. पण गळ्यातली दोरी झाडाच्या मुळाला बांधलीय ना! दोरी सुटेल, तर मी हलेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! चिचुंद्री गेली दोरीकडे. मागे ठमी, मागे गोटू. त्याच्या मागे कुणीच नाही.

"दोरीताई, दोरीताई, सूट ना गं!
गाढव हलेना,
म्हादबा उतरेना,
हौसा उकरेना,
भिंत उघडेना,
माझा शेंडू येईना!"

दोरी हळूच म्हणाली, "श्शू! माझ्या गाठीवर बघ कोण झोपलंय. ते उठेल, तर मी सुटेन."

चिचुंद्रीनं वर पाहिलं. बापरे! मांजर!

चिचुंद्री तशीच पळाली भिंतीकडे. कान लावला. नाक लावलं. "शेंडू? ए शेंडू?"

आतून आवाजच नाही.

पळून जावं, लपून बसावं, असं तिला फार वाटलं. पण मागे ठमी, मागे गोटू. त्याच्या मागे कुणीच नाही! मग ती निघाली. सुळुक... सुळुक... सुळुक... सुळुक...

मांजरानं एक डोळा उघडला.

"म्याँव! कोण आलंय? एक घास. दोन घास. तीन घास!"

चिचुंद्री म्हणाली,
"मांजरमावशी, मांजरमावशी, ऊठ ना गं!
दोरी सुटेना,
गाढव हलेना,
म्हादबा उतरेना,
हौसा उकरेना,
भिंत उघडेना,
माझा शेंडू येईना!"

"मी नाही उठत," मांजर म्हणालं. "बसल्या जागीच खाईन." आणि त्यानं पंजा पुढे केला. हळूच. आणखी पुढे. नखं बाहेर आली!

चिचुंद्री घाबरली. ठमी घाबरली. गोटू घाबरला. इतकी घाबरली तिघं, इतकी घाबरली, की...

फुस्स!
फुस्स!
फुस्स!

"शी शी शी! आक् छी!" मांजर ताडकन उठलं. गाठीत त्याचं नख अडकलं. दिला एक हिसका, आणि धूम पळालं!

मांजर उठलं,
दोरी सुटली,
गाढव हललं, टपाक टपाक!
हौसानं पेंढी वर दिली, म्हादबानं ती बसवली आणि तो सरसर उतरला.
"अवो, लवकर या!" हौसा ओरडली.
दोघांनी मिळून उकरलं. खरड खरड, खरड खरड!
भिंत उघडली!

आत अंधार. आत काहीच हलेना.

"शेंडू?" आईनं हाक मारली. आवाज नाही. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आधी बघायला पाहिजे होतं गं," ती म्हणाली.

तेवढ्यात गोटू वळला. त्यानं आपली शेपटी भोकात घातली. आणि थांबला.

थांबला.

थांबला.

"आई गं!" गोटू किंचाळला. "माझी शेपटी! कुणीतरी धरली!"

गोटूनं ओढलं. ठमीनं ओढलं. आईनं ओढलं. भोकातून आधी आलं लांब नाक. मातीनं भरलेलं. मग आले मिचमिचे डोळे. "चूं चूं चूं!"

"माझा शेंडू आला!"

आईनं त्याला चाटलं, पुसलं, आणि पुन्हा चाटलं. मग मागे पाहिलं. ठमी आहे. गोटू आहे. गोटूच्या मागे शेंडू आहे!

हौसा म्हणाली, "धनी, हे भोक नाही हो बुजवायचं."

म्हादबा म्हणाला, "नाहीच बुजवायचं. हे त्यांचं दार."

घर पुरतं झालं. एक मोठं दार हौसा-म्हादबाचं. एक इवलं दार चिचुंद्रीचं. आणि तेव्हापासून कुठलंही भोक बुजवायचं झालं, की हौसा आधी वाकते, तोंड लावते आणि विचारते, "कोण हाय का आत?"

मग थांबते. आणि मगच थप थप, थप थप!

झाली गोष्ट. आता उठा. धरा माझं बोट. सोडायचं नाही हं! सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, चला झोपायला!